चिंगळीशेठ

कांद्याच्या लिलावात चिंगळीला, म्हणजे सगळ्यांत बारीक मालाला, कुणी वाली नसतो. एखाद-दुसऱ्या वक्कलाला, म्हणजे निवडक ढिगाला, सर्वांत चढा भाव मिळतो. मोठ्या कलर-पत्तीवाल्या मालाभोवती व्यापाऱ्यांचा घोळका असतो, मुक्कल भारीला बोली चढते, गोल्टा-गोल्टीलाही कुणी ना कुणी गिऱ्हाईक भेटतं. चिंगळी आपली गोणीच्या बुडाशी, माती-सालपटांत पडून असते. घोडेगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे आमच्याकडच्या एका आडतदाराला सगळं गाव ‘चिंगळीशेठ’ म्हणतं तेव्हा परगावच्या माणसाला वाटतं, हा गडी हलका माल गळ्यात मारत असणार. तसं मुळीच नाही. दिवसा शेठचा हात म्हणजे काटा. बंद गोणीवर नुसती थाप मारतील आणि आत जोड कांदे किती, सड किती, माल विहिरीवरचा की पाटाच्या पाण्यावरचा, ते सांगतील. हलका माल ते शोधतात तो फक्त रात्री, आणि तोही आभाळात.

आभाळात भारी मालाला काय तोटा? चंद्र आहे, गुरू आहे, मृगातला तेजोमेघ आहे. शेठ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. “ते काय, कुणीबी घेतंय.” त्यांना हव्या असतात डोळ्यांना न दिसणाऱ्या, त्यांच्या आठ इंची दुर्बिणीला डोळा लावला तरी न दिसणाऱ्या, आणि पाच-पाच मिनिटांचे शंभर-दोनशे फोटो एकावर एक रचल्यावर ‘असावं बहुतेक काहीतरी’ एवढीच कबुली देणाऱ्या वस्तू. इंग्रजीत त्यांना प्लॅनेटरी नेब्युला म्हणतात. मी इथल्या शाळेत मराठी शिकवत होतो. याला आपल्यात काय म्हणायचं, असं विचारत शेठ एकदा घरी आले. मी विश्वकोशातला ‘बिंबाभ्रिका’ हा शब्द काढून दिला. शेठनी तो दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, “मास्तर, हा पुरा बोलेस्तोवर ढग येत्याल.” पण शब्द दिल्याची शिक्षा मला झालीच. त्या दिवसापासून रात्रीची सोबत माझ्याकडे लागली.

बिंबाभ्रिका म्हणजे काय, हे त्यांनी मला कांदाचाळीत बसून, हातात कांदा घेऊन समजावलं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो आणि मग अंगावरचे पापुद्रे सोडत जातो. “ही गेली साल. ही गेली. ही बी गेली.” माझ्या पायाशी सालींचा ढीग. “आता हा ऱ्हायला गाभा. एवढुसा, पण लाखभर डिग्री तापलेला. त्याच्या उजेडानं ह्या सगळ्या साली उजळत्यात. तीच आपली ती… तुमचा शब्द.” दहा-वीस हजार वर्षांत साली पांगून दिसेनाशा होतात आणि गाभा श्वेत बटू होऊन थंड होत बसतो. ताऱ्यांच्या हिशेबात हा काळ म्हणजे लिलावातली एक बोली. म्हणूनच आपल्या आकाशगंगेत एवढे तारे असून अशा अभ्रिका तीन हजारांवर काही मोजल्या गेल्या आहेत, बस्स. मी विचारलं, “मग आपला सूर्य?” शेठनी हातातला गाभा उजेडाकडे धरून पाहिला आणि आडतदारी निर्वाळा दिला, “अजून पाच अब्ज वर्षं हायेत. तोवर चाळीत टिकतो.”

या वस्तूंचा ग्रहांशी काडीइतका संबंध नाही, हे शेठच्या आयुष्यातलं मोठं दुखणं आहे. विल्यम हर्शलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. पुढे दुर्बिणीत असली गोल, फिकट बिंबं दिसली की त्याला आपला ग्रह आठवे, म्हणून त्याने यांना ग्रहासारखं नाव दिलं आणि ते चिकटलं. दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. पण शनिशिंगणापूरचा रस्ता आमच्या घोडेगावातून फुटतो. इथे ‘ग्रह’ हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला: “शेठ, मंग साडेसाती कशी दिसती हो त्याच्यातून?” नवा माणूस दुर्बीण बघितली की म्हणतो, शनी दाखवा. शेठ हात लांब करून रस्ता दाखवतात, “ह्या वाटंनं सरळ जा. दर्शन व्हईल.”

एकदा शाळेच्या पोरांनी फारच धोशा लावला तेव्हा मात्र शेठनी शनी दाखवला. म्हणजे एनजीसी ७००९ दाखवली. हर्शलनेच १७८२ मध्ये टिपलेली, कुंभेतली अभ्रिका. दोन्ही बाजूंना कानासारखी टोकं निघालेली असल्यामुळे तिचं नावच शनी अभ्रिका आहे, तेव्हा शेठ खोटं बोलले असं म्हणता येत नाही. पोरांनी ओळीने येऊन हिरवट ठिपका पाहिला. एकाने विचारलं, “कडं कुठंय?” शेठ म्हणाले, “कडं नाय रे, साल हाये.” पोरं गुपचूप खाली उतरली. दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी होती, शेठकडचा शनी कच्चा आहे.

शेठचं खरं वैर मात्र अमावस्येशी आहे, आणि तेही प्रेमातून आलेलं. अमावस्या म्हणजे काळी रात्र, फिकट मालाची खरी बाजारपेठ. घरातल्या दिनदर्शिकेवर साऱ्या अमावस्यांना लाल गोल. लग्नाचे मुहूर्त अमावस्येला नसतात, वास्तुशांत नसते, सुपारी फुटत नाही, त्यामुळे चार लोकांत जाणंयेणं बुडत नाही, हा वरून फायदा. वहिनी कुणालाही सांगतात, “आमचा संसार शुक्ल पक्षात भरतो. कृष्ण पक्षात दुकान बंद.” पण वर्षातनं एखाद-दुसरी अमावस्या शनिवारी येते. मग महाराष्ट्रभरच्या गाड्या, बस, ट्रॅव्हल्स आमच्या गावातून शिंगणापूरकडे वळतात आणि महिन्यातली सर्वांत काळी रात्र घोडेगावात सर्वांत उजेडाची होते. त्या रात्री शेठ कॅमेऱ्यावर गोणपाट टाकतात आणि ओट्यावर बसून हेडलाइट मोजतात. पंचांग बनवणाऱ्याला कधी भेटले तर काय बोलतील, याची मला धास्ती आहे.

दुर्बिणीची खोली कांदाचाळीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. पत्र्याचं छप्पर लोखंडी चाकांवर ढकललं की सरकतं. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, शेठच्या खोलीला रात्री छप्पर नसतं. चोरीची भीती तिथेही नाही आणि इथेही, कारण आत शिरलेल्या माणसाला यातलं काय विकलं जाईल ते कळणारच नाही. किंमत मात्र वहिनींनी मनात पक्की बसवली आहे. आमच्या जनावरांच्या बाजारात त्या पैशांत चार मुऱ्हा म्हशी आल्या असत्या. दुर्बीण, तिला ताऱ्यांच्या मागे फिरवणारा माउंट, थंड होणारा कॅमेरा आणि ऑक्सिजनची हिरवी रेघ तेवढी आत सोडणारी काचेची चकती. वहिनी प्रत्येकीला म्हैस म्हणूनच ओळखतात. “आज तिसरी म्हैस बिघडली म्हणे,” असं त्यांनी सांगितलं की मी समजतो, कॅमेरा.

सामान मागवण्याचंही एक महाभारत आहे. महाराष्ट्रात घोडेगाव एकटं नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचं ठाणं घोडेगावच, आणि दैवाची गंमत अशी की त्याच घोडेगावाजवळ गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. शेठनी एकदा कॅमेरा आणि दुर्बीण जोडणारी कडी मागवली. कुरियरच्या पोराने घोडेगाव वाचलं, दुर्बीण वाचलं आणि सरळ तिकडचा रस्ता धरला. कडी आठ दिवस डोंगराखाली फिरून आली. याच्या उलटही घडलं. एका कॉलेजची सहल फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर संध्याकाळी आमच्या मार्केटयार्डात उतरली. सरांनी पहिल्याच भेटलेल्या हमालाला विचारलं, “इथली मोठी दुर्बीण कुठे?” हमालाने अभिमानाने चाळ दाखवली. चाळीस पोरं गोण्यांच्या थप्प्यांतून वाट काढत वर आली आणि २ मीटरऐवजी २० सेंटिमीटर बघून उभी राहिली. शेठ जराही खजील झाले नाहीत. “त्यांचीपण इकडं येत असती कधीमधी,” म्हणाले.

फोटो घेण्याचं काम मला सुरुवातीला चैनीचं वाटलं होतं. प्रत्यक्षात ते मार्केटयार्डातलं काम आहे, फक्त अंधारात करायचं. रात्रभर माल येतो, सकाळी निवड होते. वारा हलला तो फोटो बाद, विमान गेलं तो बाद, भिंगावर दव धरलं तो बाद. उसाच्या पाण्यामुळे दव इतकं पडतं की शेठनी दुर्बिणीच्या तोंडाला गरम पट्टा बांधला आहे. हंगामात उसाची काजळी उडते, तिच्यासाठी मऊ ब्रश. उरलेल्या फोटोंची थप्पी लावायची. थप्पी का, तर माल सगळ्या फोटोंत एकाच जागी असतो आणि माती दर फोटोत वेगळीकडे. रचत गेलं की माल वाढतो आणि माती आपापसांत जिरते. पण यात एक जीवघेणी अट आहे: चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर रात्री चौपट लागतात. दहा तासांच्या चित्रावर समाधान नाही झालं, तर चाळीस तास. हा हिशेब मी वहिनींना अजून सांगितलेला नाही.

वीज गेली की सगळं गाव शिव्या देतं. त्याच क्षणी चाळीवर छप्पर सरकल्याचा खडखडाट होतो. हायवेवरच्या ढाब्यांचे दिवे, पंपाचे दिवे, यार्डातला उंच खांबावरचा दिवा, सगळे एकदम विझतात आणि शेठ ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कामाला लागतात. एका रात्री पलीकडच्या उसात काहीतरी सळसळलं. बिबट्या आमच्याकडे आता पाहुणा राहिलेला नाही. मी टॉर्च लावली. शेठ दबक्या आवाजात गरजले, “बंद करा! दोनशे सेकंद झालेत!” बिबट्याने मला खाल्लं असतं तरी शंभर सेकंद त्यांनी थांबायला लावलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या जागरणाचा परिणाम सकाळच्या लिलावात दिसतो. एकदा शेठ गोणीवर उभे राहून भाव पुकारत होते, आठशे, साडेआठशे, नऊशे, आणि मध्येच डोळा लागला. तोंड मात्र चालू राहिलं: “तीनशे… तीनशे… तीनशे…” कॅमेऱ्याचे सेकंद. एका व्यापाऱ्याने तेवढ्यात ‘घेतला’ म्हणून टाकलं. माल आणणारा शेतकरी चपला हातात घेऊन आला, तेव्हा शेठ जागे झाले. फरक त्यांनी पदरचा भरला. मी हे विचारलं तर म्हणतात, त्या रात्रीचा माल चांगला होता.

एकदा मला वाटलं, शेठना त्यांच्या भावकीतला एक माणूस भेटवावा. ती हिरवी रेघ, जिच्यासाठी त्यांनी एक म्हैस खर्ची घातली, ती विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये अशाच एका अभ्रिकेच्या वर्णपटात पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पण्यात आलं. तिचा वाद चालू असताना पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ मध्ये मृगातल्या तेजोमेघात तीच रेघ तपासली. नॉर्मन लॉकियर म्हणत होते तशी ती एका बाजूला पसरट नाही, सरळ बारीक आहे, असं त्यांनी दाखवलं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली त्यांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. रेघ ऑक्सिजनचीच, पण आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याही हवेपेक्षा कितीतरी विरळ वायूत उमटणारी, हे १९२७ मध्ये बोवेनने सोडवलं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. कोडाईकनालपाशी मान हलवली. “म्हंजे पुण्याचा माल मद्रासला गेला.” थोड्या वेळाने म्हणाले, “पारशी माणूस, रात्री जागत असंल, नाय का? बायको काय म्हणत असंल?”

पण शेठचा जीव सालींत नाही, गाभ्यात आहे. जॉर्ज एबेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने पालोमारच्या आकाश-पाहणीच्या काचा चाळून १९६६ मध्ये ८६ फिकट अभ्रिकांची यादी छापली. शेठसाठी ती चिंगळीची वही. त्यातल्या काहींचे गाभे सरळ नाहीत. कर्केतल्या एबेल ३० आणि हंसातल्या एबेल ७८ यांचे तारे मेल्यावर पुन्हा पेटले. थंड होऊ लागलेल्या गाभ्यातला उरलासुरला हेलियम अचानक भडकतो, तारा पुन्हा राक्षसासारखा फुगतो आणि जुन्या सालीच्या आत नवी साल टाकतो. “कोंब फुटलेला कांदा,” शेठचं वर्गीकरण. हे माणसाच्या डोळ्यांदेखतही घडतं. गरुडातल्या एबेल ५८ चा गाभा १९१९ मध्ये असाच उजळला होता. १९९६ च्या फेब्रुवारीत युकिओ सकुराई या जपानी हौशी निरीक्षकाला धनू राशीत दुसरा सापडला, आणि काही वर्षांतच तो स्वतःच्याच धुळीत दिसेनासा झाला. एबेल ३० ची आतली साल हजार वर्षांच्या आतली आहे असा अंदाज वाचून शेठ मला म्हणाले, “नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्या जरा आधी सुटली म्हणा की.” प्रकाश इथवर यायलाच हजारो वर्षं लागतात, हे मी दाखवून दिलं. शेठ म्हणाले, “ते वाहतुकीचं झालं. माल कधी निघाला ते सांगतोय मी.”

आणि मग ते नवरात्र. बाणाच्या लहानशा तारकासमूहातली एबेल ६३ चालू होती, चंद्रबिंबाच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान. सकाळी निवड करताना शेठ ओरडले. मधला तारा होता, होता, मग काही फोटोंत नव्हताच, मग पुन्हा होता. आसपासचे सगळे तारे जागच्या जागी. आधी संशय दवावर, मग काजळीवर, मग माझ्यावर. “मास्तर, तुम्ही काय पुसलं?” दुसऱ्या रात्री त्यांनी मला दुर्बिणीपासून सहा फुटांवर बसवलं. तारा पुन्हा गेला, आदल्या रात्रीपेक्षा एक तास चाळीस मिनिटं आधी. शेठ काहीच बोलले नाहीत. खाली गेले, वहिनींना उठवलं आणि म्हणाले, पेढे सांगून ठेव.

पेढे आले. मग शेठनी वाचायला घेतलं. एबेल ६३ च्या मधोमध एक नाही, दोन तारे आहेत. दर ११ तास १० मिनिटांनी मोठा गार जोडीदार त्या इवल्याशा तापलेल्या गाभ्यासमोरून जातो आणि काही मिनिटं तो पुरता झाकून टाकतो. दोन रात्रींत असे दोन फेरे, म्हणून २२ तास २० मिनिटं. हे १९७६ पासून छापील आहे. शेठनी पेढ्यांचा खोका बंद केला, परत उघडला आणि एक मला दिला. “पन्नास वर्षं उशीर. पर मी बघितला ना.” मग हळूच, “म्हंजे जोड निघाला, मास्तर.” फुगलेल्या ताऱ्याने जोडीदाराला पोटात घेतलं आणि दोघांच्या गरगरण्यात साल बाहेर फेकली गेली, असं तज्ज्ञ मानतात. बऱ्याच बिंबाभ्रिका गोल नसून लांबट, कमरेत आवळलेल्या का दिसतात, याचं एक उत्तर हेच. शेठना ते पटायला अर्धं मिनिटही लागलं नाही. जोड कांदा कधी गोल वाढल्याचं त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

सहा महिने, चाळीस तास, एक थप्पी. चित्र तयार झालं तेव्हा शेठनी ते नगरला एका स्टुडिओत मोठं करायला दिलं. फ्रेम आली, दुकानात टांगली, आणि शेठ तिच्यापुढे उभे राहिले ते उभेच. स्टुडिओतल्या पोराने आपुलकीने फोटो साफ केला होता. मधोमध एक बारीक ठिपका होता, तो धूळ समजून पुसून दिला होता. साल होती, गाभा नव्हता.

माझ्या मते शेठनी फ्रेम परत पाठवायला हवी होती. त्यांनी मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली आणि पट्टी लिहायच्या निळ्या बॉलपेनने बरोब्बर जागेवर एक टिंब दिलं. तारा एवढा तापलेला म्हणजे निळाच, त्यामुळे रंगाचा प्रश्न आला नाही. जरा थांबून, अगदी चिकटून, त्यांनी दुसरंही दिलं.

सोनईकडचा एक शेतकरी पट्टीचे पैसे घ्यायला उभा होता. त्याने मान वाकडी करून चित्र पाहिलं.

“शेठ, हे मधी काय हाये?”

“जोड.”

“मंग बाद का?”

शेठनी पेनाला टोपण लावलं. “वक्कल हाये, वक्कल. सही कर इथं.”